कोणत्या देशातून पोरगा लवकर येतो?

भिवंडीत माझ्या ऑफिसला कुणी ऑफिस म्हणत नसे. ‘फॉरेनवाल्या बाईंचं दुकान’ असंच नाव पडलं होतं आणि रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी तो बरोबर जिन्याखाली आणून सोडायचा. खाली सूत गुंडाळलेल्या कोनांचं गोदाम, मध्ये मी, वर दातांचे डॉक्टर. शेजारच्या गल्लीत कापडाचे लूम चालू असले की माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत राही. लाइट गेली की लूम बंद पडत, आणि मग आपण किती ओरडून बोलतोय हे ध्यानात येऊन मी आणि समोरचं गिऱ्हाईक दोघंही एकदम आवाज खाली आणायचो. अशा जागी बसून मी तालुक्यातल्या पोरांना परदेशी शिकायला पाठवत होते.

त्याआधी मी एका ट्रॅव्हल्समध्ये होते. आखातात कामाला जाणाऱ्यांची तिकिटं तिथे निघत. दोन हजार साल उलटल्यावर हळूहळू वेगळी माणसं यायला लागली. कामाला नाही, शिकायला जायचंय म्हणणारी. आमच्या मालकांना त्यांचा कंटाळा यायचा, कारण ती प्रश्न फार विचारत. मला प्रश्न आवडायचे. म्हणून मी बाहेर पडले आणि स्वतःची पाटी लावली.

या धंद्यात नेमकं काय करतात हे पुष्कळांना माहीत नसतं. व्हिसा देणं आमच्या हातात नसतं, तरी येणारा प्रत्येक जण मेथीची जुडी मागावी तसा आमच्याकडेच व्हिसा मागतो. आम्ही मुलाचे मार्क बघतो, त्याला इंग्रजीच्या परीक्षेला बसवतो, तिकडच्या कॉलेजांना अर्ज करतो. प्रवेशाचं पत्र आलं की बापाला खर्च झेपेल हे दाखवणारे कागद गोळा करतो, सगळं बाड वकिलातीत देतो आणि देव पाण्यात घालून बसतो. काही देशांतली कॉलेजं एजंटला जास्त देतात, त्यामुळे काही एजंट मुलाकडे न बघता देशाकडे बघतात. मी तसं केलं नाही. कुणाला पटो न पटो.

पण सगळ्यात अवघड काम कागदांचं नसतं, देश ठरवण्याचं असतं. एकच देश डोक्यात घेऊन येणारं गिऱ्हाईक सोपं. दोन देश घेऊन आलं म्हणजे समजायचं, घरात दोन तट पडलेत आणि आता आपल्याला पंच म्हणून बसवणार.

आणि लोक देश कशावरून ठरवतात! मला वाटायचं अभ्यासक्रमावरून ठरवत असतील. एक लूमवाले शेठ आले, पाठीमागे खाली मान घातलेला मुलगा. म्हणाले, “बहनजी, ऐसा मुल्क बताइए जहाँ भिवंडी का एक भी लड़का न हो.” पोरगा मोहल्ल्यातल्या कॅरमपायी वाया चालला होता, आणि मित्र बरोबर गेले तर कॅरमही बरोबर जाणार असा त्यांचा हिशेब. मी नकाशा धुंडाळून न्यूझीलंडमधलं एक लहानसं शहर काढून दिलं. काही महिन्यांनी शेठ मिठाई घेऊन आले, पण चेहरा पडलेला. “सब ठीक है बहनजी. लेकिन वहाँ बस स्टॉप पे उसको अपने भिवंडी के ही निजामपुरे का लड़का मिल गया. अब दोनों एक ही कमरे में रहते हैं.”

दुसरे गणेशपुरीचे. परदेशी भक्तांनी भरलेल्या आश्रमाच्या वाटेवर त्यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल. मुलाचं कॅनडा की अमेरिका चाललेलं. या गृहस्थांनी माझ्यावर विसंबून न राहता चहाला येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला विचारायचा सपाटा लावला. मग एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाले, “मॅडम, कॅनडाची बाई म्हणते नका पाठवू. अमेरिकेचा दाढीवाला म्हणतो नका पाठवू. तिकडं मनाला शांती न्हाय म्हणतात. जिथून मानसं पळून हिकडं आलीत, तिथं मी पोरगा कसा पाठवू?” मी म्हटलं, अहो, जे पळाले तेच तुम्हाला भेटणार. जे तिकडे सुखाने राहिले त्यांना विचारा. तर म्हणाले, “ते माझ्याकडं चहाला कशाला येतील?” यावर मी हात टेकले. तो मुलगा शेवटी वसईला नोकरीला लागला.

हे किस्से मी लग्नाकार्यात सांगते आणि लोक पोट धरून हसतात. नानांची गोष्ट मात्र मी आजवर कुठे सांगितली नव्हती. आता सांगायला हरकत उरलेली नाही आणि त्यांच्या मुलाला विचारूनच सांगते आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

नाना कशेळीचे. मूळची खाडीकाठची माणसं. वडिलांचा जन्म मिठागरात आणि खाऱ्या जमिनीतल्या भातात गेला. नानांच्या वेळी रस्ता रुंद झाला, त्याच जमिनीवर गोदामं उठली, आणि “मी काय बी न करता शेठ झालो,” असं ते स्वतःच सांगायचे. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि तरी ऑफिसात शिरताना चपला बाहेर काढून यायचे. बरोबर एकुलता एक मुलगा नितेश आणि मागे पदर सावरत नितेशची आई. तिला मी काकी म्हणायला लागले, कारण सगळेच म्हणत.

नितेश मला पहिल्या भेटीतच आवडला. गोदामवाल्यांची बहुतेक मुलं भाडं येतंय ना, मग झालं, अशी. हा पोरगा भाडेकरूंच्या गोदामात जाऊन बसायचा. कुठला माल कुठून येतो, ट्रकमध्ये आधी काय भरतात आणि का, बंदरातून निघालेला कंटेनर इथे यायला इतका वेळ का लागतो, हे सगळं तो त्या लोकांना विचारत सुटायचा. याच विषयाचं शिक्षण असतं आणि ते परदेशात चांगलं मिळतं हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने आधीच सगळी माहिती काढली होती. त्याला ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्यात बंदरावर प्रत्यक्ष काम करायला मिळणार होतं. दुसरा पर्याय इंग्लंडचा. तोही वाईट नव्हता, पण त्यात पहिलं वर्ष तयारीचं आणि खरं शिक्षण त्यानंतर.

मी मार्कांचं बोलायला लागले तर नानांनी हात वर केला.

“मॅडम, ते मार्क-बिर्क पोऱ्याशी बोला. माजा एकच सवाल हाय. कंच्या देशातून पोऱ्या लवकर येतो?”

“सुट्टीला?”

“सुट्टीला न्हाय. मी मेलो तं.”

“बाबा, काय पन काय बोलता!” नितेश म्हणाला.

“खरं हाय ते बोलतो. मॅडम, भाऊ हाय माजा, सख्खा. भिंतीला भिंत. जमिनीपायी आमी कोर्टात हाव. उद्या मी गेलो आन् पोऱ्या न्हाय आला, तं मडकं कोन धरल? भावाचा पोऱ्या. मना ते नको. मी तसाच पडून ऱ्हाईन, पन त्याच्या हातची आग नको.”

लाइट असती तर लूमच्या आवाजात हे थोडं बुडून गेलं असतं. नेमकी त्या वेळी गेली होती. मी काकींकडे पाहिलं. त्या खाली मान घालून बोटाला पदर गुंडाळत होत्या.

“आमच्याकरं मयत ठेवत न्हाय,” नाना पुढे म्हणाले. “सकाली गेला तं सांजेच्या आत नेतात. लईच झालं तं दुसरा दिस. म्हनून तास सांगा.”

इतक्या वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी सांगितलं. इंग्लंडहून थेट विमान, नऊ-दहा तास. ऑस्ट्रेलियाहून मध्ये विमान बदलायचं, जवळजवळ एक दिवस जातो.

“मंग झालं. इंग्लंड.”

मी त्यांना समजावलं की ऑस्ट्रेलियाचा व्हिसा दोन वर्षांचा एकदम मिळतो. इंग्लंडला पहिलं वर्ष संपलं की तिथेच मुदत वाढवून घ्यावी लागते, पुन्हा सगळे कागद द्यावे लागतात, पासपोर्टसकट, आणि उत्तर यायला त्यांना वाटेल तितका वेळ लागतो. अगदी सावकाश सांगितलं. पण ‘नऊ तास’ कानावर पडल्यावर नानांना पुढचं काही ऐकूच येईना. त्यांची खुर्चीवरची बैठकसुद्धा सैल झाली होती.

जिन्यात मी नितेशला थांबवून पुन्हा सांगितलं, तुझं मन ऑस्ट्रेलियात आहे, मी बोलते त्यांच्याशी. तो म्हणाला, “राहू द्या मॅडम. ते मला कुठंच सोडायला तयार नव्हते. नऊ तासांवर तरी तयार झाले.”

तर नितेश इंग्लंडला गेला आणि नाना माझ्याकडे येत राहिले. भिवंडीच्या कोर्टात तारीख असली की तिकडून ते माझ्याकडे डोकावत. पाणी पीत, आणि “काय म्हनतं तुमचं इंग्लंड?” असं विचारत, जसं काही मीच ते चालवत होते. एकदा घाईघाईने जिना चढून आले. पोराने फोनवर सांगितलं होतं की तिकडे बर्फ पडतोय.

“मॅडम, बर्फात इमान उडतं काय?”

“थोडं मागंपुढं होतं, पण उडतं.”

“न्हाय, तसं नको. मंग मी बर्फ नसताना मरतो.”

आणि स्वतःच मोठ्याने हसले. मीही हसले. असल्या माणसावर राग धरता येत नाही. भावाशी एवढं कशावरून बिनसलं हे एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, “गोदाम उठायच्या आधी आमी दोगं एका ताटात जेवायचो.”

ते गेले तेव्हा खरोखरच बर्फ नव्हता. नवरात्र होऊन गेलं होतं, आपल्याकडे भात कापणीला आला होता. पहाटे गोदामाच्या फाटकापाशी त्यांच्या छातीत कळ आली. ठाणं तर कशेळीहून खाडीपलीकडे समोर दिसतं. पण पुलावर ट्रक आणि कंटेनर अडकलेले, आणि तिथला दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

मी ऑफिसचं कुलूप उघडत होते तेव्हा नितेशचा फोन आला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. “मॅडम, बाबा गेले,” एवढं बोलला. मग म्हणाला, “पासपोर्ट माझ्याकडे नाही.”

मला ठाऊकच होतं. मुदतवाढीचे कागद मीच त्याला फोनवरून सांगून भरून घेतले होते. पहिलं वर्ष पास झाला होता, पुढच्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं होतं, आणि पासपोर्ट तिकडच्या व्हिसाच्या कचेरीत गेला होता. तो परत मागितला की अर्ज मागे घेतला असं धरतात. जुन्या व्हिसाची मुदत तर संपलेली. एकच वाट होती. आपल्या वकिलातीत जाऊन मायदेशी येण्यापुरता कागद काढायचा. असा कागद मिळतो, अडीनडीला लवकर मिळतो. त्यावर घरी येता येतं. परत जाता येत नाही.

“इथून पुन्हा अर्ज केला तर?” त्याने विचारलं.

“करू. पण मिळेल असं मी म्हणणार नाही. या दिवसांत माझ्याकडे नकारच येताहेत. आणि तोवर तुझं वर्ष गेलेलं असेल.”

धीर देणारं काहीतरी बोलता आलं असतं. पण खोट्या आशेवर माणसाला विमानात बसवायचं हे मला जमत नाही.

“कळलं,” तो म्हणाला. “वकिलात उघडली की मी दारात असेन. रात्रीच्या विमानाने निघतो. तुम्ही कशेळीला जा मॅडम. तिथे सगळे रडताहेत, माझं बोलणं कुणाला समजत नाहीये. सांगा त्यांना, उद्यापर्यंत थांबा. आणि आईला नीट समजावून सांगा.”

रिक्षा कंटेनरच्या रांगेत अडकत अडकत कशेळीला पोचायला दुपार झाली. नानांना ओटीवर ठेवलं होतं. मासळीच्या टेम्पोतून बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या आणि त्यांचं पाणी पायरीवरून अंगणात वाहत होतं. तिकडची रीत अशी की आळीत माणूस गेलं की मयत उचलेपर्यंत कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. नानांची आळी मोठी. पोरं नुसता पाव खात पायऱ्यांवर बसलेली, एक आजोबा गोळी घ्यायला बिस्कीट पाण्यात बुडवत होते. गॅस घरोघरी आले होते, पण नियम गॅसलाही लागू होता.

मी नितेशचा निरोप सांगितला. गावातले चार वडीलधारे बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन म्हणाले, “थांबू. पोऱ्या येतोय तं थांबू. उद्या सांजपर्यंत चूल न्हाय पेटली तरी कोनी मरत न्हाय.” एका बाईनेही तोंड वाकडं केलं नाही. मला शहरात राहून ही सवय नाही.

शेजारचं घर भावाचं. मधली भिंत कमरेएवढी, वर काचा लावलेल्या. भाऊ आपल्या ओटीवर खांबाला टेकून बसला होता, उघडाच, आणि इकडे बघत होता. आत आला नव्हता. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं. त्याचंही स्वयंपाकघर मला उघड्या दारातून दिसत होतं. तिथेही काही शिजत नव्हतं.

मग मी काकींजवळ बसले. त्यांचं रडून झालं होतं. हलक्या आवाजात मी त्यांना सगळं सांगितलं, पासपोर्टचं, कागदाचं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. ऑफिसात नानांच्या मागे बसून पदर गुंडाळणारी ही बाई काही समजून घेत नसेल असं मी धरून चालले होते. तिने फक्त दोन प्रश्न विचारले.

“आला तं परत जाल का त्यो?”

“बहुतेक नाही, काकी.”

“आन् न्हाय आला तं?”

“तर वर्षभरात शिक्षण पुरं होईल. मग त्याला हवं तिथे जाईल, हवं तेव्हा येईल.”

त्या नानांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “नको येव म्हटलं तं ऐकल का?”

“नाही ऐकणार.”

“न्हायच ऐकनार. बापासारका हाय.” आणि मला म्हणाल्या, “लाव फोन.”

मी लावला. वकिलात नुकतीच उघडली होती, तो रांगेत होता. मी फोन हातात देण्याआधी काकींनी एक हात वर केला, नुसता, बायांकडे बघून. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते त्या आळीतल्या बायांना माझ्याआधी समजलं. एकेकीने पदर तोंडात कोंबला. मयताला हाका मारत चाललेलं रडणं थांबत थांबत गेलं. एकीच्या कडेवरचं मूल भुकेने किरकिरत होतं, ती त्याला घेऊन गोदामाच्या मागे धावत गेली. मागे रस्त्यावरचे ट्रक तेवढे वाजत राहिले.

मी काकींना खेटून बसले होते. त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

“आई, मी कागद काढतोय. उद्या येतो.”

“बाला, नको येव. नेलं त्यांना.”

 “कवा?”

“आताच. मगाशी.”

“मी सांगतलं व्हतं थांबा म्हनून. मॅडम न्हाय आल्या काय?”

“आल्या. पन ठेवता येना, बाला. ऊन लई हाय.”

बर्फाचं पाणी आमच्या पायांखालून वाहत होतं.

“मडकं कोनी धरलं?”

काकींनी भिंतीपलीकडे पाहिलं. “तुज्या काकाच्या पोऱ्यानं.”

तो रडायला लागला. मी कान बाजूला घेतला, मला ते ऐकवेना. काकींनी घेतला नाही. त्याचं थांबेपर्यंत त्या फोन धरून होत्या.

“आई, चुली पेटल्या?”

“पेटल्या. समद्यांकरं भात शिजतोय. तू पन जेव जा. आन् शिकून ये.”

फोन माझ्या हातात देऊन त्या उठल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचा राग आला होता. नवऱ्याचं एकच मागणं होतं, तेही त्याच्यासमोर मोडायचं, आणि तेही इतक्या शांत आवाजात. त्या नानांच्या डोक्याशी वाकल्या आणि म्हणाल्या, “रागवा माज्याव. मी येन तवा भांडू.” तेव्हा माझा राग गेला आणि मी तिथेच ओटीवर बसून रडले.

मग त्या भिंतीपाशी गेल्या. “भावजी, तुमच्या पोऱ्याला पाठवा.” भाऊही उठला. त्याला दोघांनी धरून आणलं. नानांचे पाय धरून तो माणूस असा रडला की कोर्ट-बिर्ट कशासाठी चाललं होतं असं कुणालाही वाटावं. पुतण्याने मडकं धरलं. दिवस मावळायच्या आत सगळे परतले आणि आळीत चुली पेटल्या.

नितेशला मुदतवाढ मिळाली. तो शिकला, तिकडे काही वर्षं कामाला राहिला, सुट्टीला येऊन जाऊन होता. पुढे काकींना चालवेना तेव्हा कायमचा परत आला. आता गोदामं तोच बघतो, नुसतं भाडं घेत नाही. काकी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या आणि अग्नीही त्याच्याच हातचा मिळाला.

मी भेटायला गेले ती मनाशी ठरवून गेले होते. एवढी वर्षं आळीतल्या एकाही माणसाने तोंड उघडलं नव्हतं, दारूच्या नशेतसुद्धा नाही. पण आता काकी नव्हत्या, आणि मुलाला खरं कळायला हवं असं मला वाटत होतं. चहा झाल्यावर मी म्हटलं, “नितेश, तुझ्या वडिलांच्या वेळची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे.”

“फोनची?” तो म्हणाला. “माहीत आहे मॅडम.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माणूस नेल्यावर आमच्या आळीत बाया किती रडतात ते तुम्हाला माहीत नसेल. दोन दिवस घरात बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी फोनमधून फक्त ट्रकचे हॉर्न येत होते. मला तेव्हाच कळलं की बाबा तिथेच आहेत, आईच्या समोर.”

“मग आला का नाहीस?”

“खिडकीपाशी माझा नंबर आला होता. आतला माणूस हाक मारत होता.” तो पायरीकडे बघत होता. “पण सगळी आळी माझ्यासाठी तोंड दाबून उभी होती, मॅडम. मी रांगेतून बाहेर पडलो.”

“काकींना कधी बोललास?”

“नाही. तिला वाटायचं मी फसलो. ती होती तोवर फसलेलाच राहिलो.”